हे गाव नेमकं कुणी बांधलं?

समोर नुसतं पाणी. पाण्यावर एक क्लिक केलं की ‘डुब्’ असा आवाज होतो आणि एक दगडी चौथरा वर येतो. त्याच जागी आणखी एक क्लिक केलं की चौथऱ्यावर छोटं घर. पुन्हा क्लिक केलं की घरावर मजला. शेजारी क्लिक केलं तर दोन घरं एकमेकांना चिकटतात, छप्पर आपोआप एक होतं, दार आपली जागा बदलतं. उजवं बटण दाबलं की बांधलेलं गायब. कडेला रंगांची एक पट्टी आहे, हवा तो रंग घ्या. बस, संपले नियम.

या खेळाचं नाव टाउनस्केपर. ऑस्कर स्टॉलबर्ग या स्वीडिश डेव्हलपरने तो बनवला, रॉ फ्युरी या कंपनीने प्रकाशित केला. जून २०२० मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाला. यात पैसे नाहीत, गुण नाहीत, लेव्हल नाहीत, शत्रू नाहीत, घड्याळ नाही. जिंकता येत नाही आणि हरताही येत नाही. स्वतः बनवणाराच म्हणतो की हा खेळ कमी आणि खेळणं जास्त आहे.

नेट-सेटच्या तयारीत असलेल्या, किंवा पीएचडीला प्रवेश घेऊ की नको अशा विचारात असलेल्या वाचकांपुढे मी व्हिडिओ गेमचं परीक्षण का मांडतेय? कारण तिसऱ्या वर्षात माझं सिम्युलेशन अडलेलं असताना मी हा खेळ रात्री-रात्री खेळले, आणि माझं नेमकं काय चुकतंय ते मला त्या खेळामुळे नाही पण त्याच्या शेजारी ठेवून बघितल्यावर समजलं. खेळाचं कौतुक करायचं आहे आणि त्याच्यावर एक गंभीर आक्षेपही घ्यायचा आहे. दोन्ही एकाच गोष्टीवरून.

आधी कौतुक. टाउनस्केपर खेळताना मन शांत होतं हे सगळेच सांगतात, पण ते कशामुळे? ‘ध्येय नाही म्हणून’ असं उत्तर पटकन येतं. मला ते अपुरं वाटतं. ध्येय नसलेले खेळ पूर्वीपासून आहेत. विल राइटचा सिमसिटी १९८९ मध्ये आला, त्यातही ठरलेला शेवट नव्हता. जिंकण्या-हरण्याची सोय नाही, मग हा विकायचा कसा, असं तेव्हा प्रकाशकांना वाटलं होतं. राइटला ही कल्पना सुचली तीही गमतीशीर आहे. आधीच्या एका बॉम्बफेकीच्या खेळासाठी तो बेटांचे नकाशे बनवत होता, आणि बॉम्ब टाकण्यापेक्षा नकाशे बनवण्यातच आपल्याला जास्त मजा येतेय असं त्याच्या लक्षात आलं. पण सिमसिटी खेळून कुणी शांत झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. पैसे संपतात, वीज पुरत नाही, रस्ते तुंबतात, आग लागते. ध्येय नाही, पण खेळ तुम्हाला उलट उत्तर देतो.

आपला दिवाळीचा किल्ला घ्या. त्यालाही ध्येय नसतं (सोसायटीची स्पर्धा सोडा, ती मोठ्यांची हौस). पण माती उलट उत्तर देते. पाणी जास्त झालं की बुरूज खचतो. तटबंदी फार उभी केली की रात्रीत तडा. अळीव पेरले आणि शिंपडायला विसरलात तर भाऊबीजेपर्यंत किल्ला बोडकाच. दुसऱ्या वर्षी तुम्ही गोणपाट आणि विटा आधी रचता, मग माती लिंपता. हे तुम्हाला मातीने शिकवलेलं असतं, नकार देऊन.

टाउनस्केपर नकार देत नाही. कधीच नाही. तुम्ही काहीही करा, त्यातून बरं दिसणारं काहीतरी निघतंच. चार मजली घराचे खालचे तीन मजले काढून टाका. वरचं घर पडत नाही, त्याला खालून खांब-टेकू येतात आणि ते मुद्दामच तसं बांधल्यासारखं दिसतं. दोन घरांत चिंचोळी फट ठेवली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी लागते, तिच्यावर कपडे वाळत असतात. घरांनी मोकळी जागा चारही बाजूंनी वेढली की फरशीची हिरवळ होते, झाडं येतात. शेजारची घरं एकाच रंगाची असतील तर ती मिळून एक मोठी इमारत; वेगळ्या रंगांची असतील तर भिंतीला भिंत लागलेली वेगवेगळी घरं. तुमच्या प्रत्येक क्लिकला खेळ म्हणतो, ‘वा, छान, आणि त्यात मी एवढं घालतो.’ शांतता ध्येय नसल्यामुळे मिळत नाही, नकार नसल्यामुळे मिळते. दोन्हींत फरक आहे.

आणि असा नकार न देणारा खेळ बनवायला किती कष्ट लागले असतील, हे बघण्यासारखं आहे. म्हणून जरा आत शिरू.

पहिली गोष्ट म्हणजे जाळी. संगणकातली बहुतेक गावं चौकोनी वहीच्या पानावर बांधलेली असतात, आणि ते दिसतंच: सगळे रस्ते काटकोनात. टाउनस्केपरमधल्या गल्ल्या वळतात, रुंद-अरुंद होतात, जुन्या बंदराच्या गावात असाव्यात तशा. जाळी इथेही आहे, फक्त ती वाकडी आहे. स्टॉलबर्गने व्याख्यानांमध्ये तिची कृती सांगितली आहे. षटकोनात बिंदू मांडा आणि त्यांचे त्रिकोण करा. दोन-दोन त्रिकोणांमधली सामाईक बाजू कुठेही यादृच्छिकपणे पुसून त्यांचे चौकोन करा. सगळेच त्रिकोण जोडीने जात नाहीत, काही एकटे उरतात. मग प्रत्येक चौकोनाचे चार आणि उरलेल्या त्रिकोणाचे तीन छोटे चौकोन करा. आता सगळीकडे चौकोनच आहेत, पण वेडेवाकडे. शेवटी बिंदू थोडे थोडे सरकवून प्रत्येक चौकोन जमेल तितका ‘चौकोनी’ करा. आपल्याकडे ज्यांनी फायनाइट एलिमेंटचं मेश बनवलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आपण मेश अचूक उत्तरासाठी सुधारतो आणि तो ते डोळ्यांना जाळी सापडू नये म्हणून सुधारतो.

दुसरी गोष्ट, तुकडे कसे निवडले जातात. १९८७ मध्ये लॉरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी ‘मार्चिंग क्यूब्स’ नावाची पद्धत मांडली. सीटी स्कॅनसारख्या त्रिमितीय मोजमापांतून हाडाचा किंवा अवयवाचा पृष्ठभाग काढायला ती वापरतात. घनाचे आठ कोपरे, प्रत्येक कोपरा ‘आत’ किंवा ‘बाहेर’. म्हणजे २५६ शक्यता. फिरवून-उलटवून सारख्या असलेल्या एकत्र केल्या की मूळ १५ उरतात. प्रत्येक शक्यतेसाठी पृष्ठभागाचा एक तुकडा आधीच तयार असतो, तो उचलून बसवायचा. टाउनस्केपरचं तत्त्व याच घराण्यातलं आहे. तुमचं क्लिक घर बांधत नाही. ते फक्त ‘इथे भरलेलं, तिथे रिकामं’ एवढं ठरवतं. भिंत, कोपरा, पन्हाळ, कमान हे सगळे तुकडे आधीच घडवलेले आहेत. तुमच्या क्लिकमुळे त्यांतला कुठला बसेल ते ठरतं.

तिसरी गोष्ट, एकाच जागी अनेक तुकडे बसू शकत असतील तर काय? इथे ‘वेव्ह फंक्शन कोलॅप्स’ येतं. मॅक्सिम गुमिनने २०१६ मध्ये या नावाने प्रोग्राम खुला केला. पॉल मेरेलचं ‘मॉडेल सिंथेसिस’ हे त्याच जातीचं काम २००७ चं. भौतिकशास्त्राच्या मुलांनो, नावाला भुलू नका, यात क्वांटम काही नाही. सुडोकू सोडवताना आपण जे करतो ते आहे. प्रत्येक घरात कुठले अंक शक्य आहेत त्याची यादी ठेवायची. जिथे शक्यता सगळ्यात कमी तिथे आधी निवड करायची. मग त्या निवडीमुळे शेजाऱ्यांच्या यादीतून काय बाद होतं ते पुढे पुढे ढकलत जायचं. नेहमीच्या पद्धतीत कधी कधी एखाद्या जागी काहीच बसत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. टाउनस्केपरमध्ये खेळणाऱ्याला असं अडलेलं दिसतच नाही. कितीही विचित्र आकार बांधा, त्याला साजेसा तुकडा कुणीतरी आधी बसून बनवून ठेवलेला आहे. खेळात माझ्या डोळ्यांत भरलेली कारागिरी ही.

आता माझी गोष्ट. माझं काम धातूंमधल्या स्फटिककणांवर आहे. धातूचा तुकडा घासून, चकचकीत करून, आम्लाने किंचित खाऊ दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो फरशीसारखा दिसतो, वेड्यावाकड्या तुकड्यांची फरशी. तो तापवून ठेवला की मोठे तुकडे लहानांना गिळत वाढतात. संगणकावर हे बघायला पॉट्स मॉडेल वापरतात. चौकटींची जाळी घ्या, प्रत्येक चौकटीला एक रंग द्या. शेजारच्या चौकटीचा रंग वेगळा असेल तर ऊर्जेचा दंड. मग एकेक चौकट यादृच्छिक निवडून तिचा रंग बदलून बघायचा, ऊर्जा कमी झाली तर बदल ठेवायचा. हळूहळू रंगांचे डाग वाढतात. तेच आपले स्फटिककण. पडद्यावर हे टाउनस्केपरच्या नकाशासारखंच दिसतं, आणि खरं सांगायचं तर तितकंच सुंदर.

माझा प्रश्न होता की धातूत दुसऱ्या पदार्थाचे बारीक ठिपके असतील तर ते ही वाढ कशी अडवतात. ठिपके कणांच्या सीमेला खिळ्यासारखे धरून ठेवतात, याला झेनर पिनिंग म्हणतात. मी ठिपक्यांचं प्रमाण बदलून बदलून रन चालवले. प्रत्येक वेळी वाढ काही वेळाने थांबायची. ठिपके जास्त असले की लवकर, कमी असले की उशिरा. अगदी हवं तसं. आलेख सुरेख होते. मी अर्धा पेपर लिहूनही टाकला.

ग्रुप मीटिंगमध्ये मॅडमनी आलेख बघितले, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, ठिपके पूर्ण काढून टाकल्यावर काय होतं?”

मी शून्य टक्क्यांचा रन चालवलाच नव्हता. त्याचं उत्तर पुस्तकात आहे ना: ठिपके नसतील तर वाढ चालूच राहते, कणांचा सरासरी आकार वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यात काय बघायचं? त्या रात्री चालवला. ठिपके एकही नाही, आणि वाढ तरीही थांबली.

कारण जाळी. चौकोनी जाळीवर फक्त चार शेजारी धरले आणि तापमान अगदी कमी ठेवलं, तर सीमा जाळीच्या रेघांवर सरळ होऊन बसतात आणि तिथेच अडकतात. ही गोष्ट या क्षेत्रात १९८०च्या दशकापासून माहीत आहे. उपायही माहीत आहेत: तिरके शेजारीही धरा, त्रिकोणी जाळी घ्या, तापमान थोडं वाढवा. मी ते वाचलंही होतं. पण माझ्या कोडमध्ये चार शेजाऱ्यांची ती ओळ अगदी पहिल्या आठवड्यात, ‘तात्पुरती’ म्हणून लिहिली गेली होती. तीन महिने मी ज्याला धातूचा स्वभाव समजत होते त्यातला बराचसा माझ्या वहीच्या पानाचा स्वभाव होता. अर्धा पेपर फोल्डरातच राहिला.

त्या दिवसांत झोप लागायची नाही म्हणून टाउनस्केपर उघडायचे. आणि एका रात्री लक्षात आलं की उजवं बटण मी जवळजवळ वापरतच नाही. बांधत सुटायचं, खेळ छान छान करत जातो, पुढे बांधायचं. प्रयोगशाळेतही मी हेच केलं होतं. जे मॉडेल मला कधी ‘नाही’ म्हणत नव्हतं त्याच्यात मी रंग भरत होते आणि चित्र चांगलं येतंय म्हणून खूश होते.

इथून माझा आक्षेप सुरू होतो. टाउनस्केपर तुम्हाला फार गोड पद्धतीने फसवतो. तासाभराने गाव उभं राहतं आणि तुम्हाला वाटतं, मी बांधलं. तुम्ही त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवता. मित्रही त्याचा फोटो पाठवतो. आणखी पाच जणांची गावं बघितली की जाणवतं, सगळी भावंडं आहेत. तीच उतरती छपरं, तीच दगडी फरसबंदी, त्याच पायऱ्या, तीच वाळत घातलेली कापडं. तुम्ही आकार ठरवलात हे खरं, पण सौंदर्य ज्यात आहे ते सगळं स्टॉलबर्गच्या तुकड्यांत आणि त्याच्या वाकड्या जाळीत होतं. त्याबद्दल त्याला दोष नाही, ते त्याने लपवूनही ठेवलेलं नाही, उलट उघडपणे समजावून सांगितलंय. पण खेळ स्वतः मात्र खेळणाऱ्याला ते कधीच कळू देत नाही. एकदाही ठेच लागत नाही. आणि ठेच लागल्याशिवाय जाळी कुठे आहे ते समजायला दुसरा मार्ग फारसा नाही.

नकार नसल्याची किंमत गावातही दिसते. कपडे वाळतायत, पण घालणारं कुणी नाही. पक्षी येऊन छपरावर बसतात, माणूस एकही नाही. धक्का आहे, होडी नाही, मासळीचा वास नाही, भरती-ओहोटी नाही. मी कोकणातली, मला बंदर म्हटलं की आधी चिखल आणि कालवा आठवतो. हे गाव वस्तीची सगळी खूण दाखवतं पण वस्ती कधी आलेलीच नसते. पहिले चार-पाच दिवस ती शांतता आवडते. मग मात्र प्रदर्शनातल्या सजवलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटायला लागतं. किल्ला ढासळला तर रडू यायचं, म्हणून तर तो आठवतो. माझं टाउनस्केपरमधलं एकही गाव मला वेगळं आठवत नाही. डझनभर तरी बांधली असतील.

तरीही मी हा खेळ तुम्हाला खेळायला सांगणार आहे, फक्त वेगळ्या रीतीने. लहानशी आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट मिळते, तेवढी पुरे. वही जवळ ठेवा. प्रत्येक क्लिकच्या आधी काय होईल ते लिहा, मग क्लिक करा. सुरुवातीला बहुतेक अंदाज चुकतील आणि तीच मजा आहे. हिरवळ कधी येते? घरांचं कडं पूर्ण झाल्यावर? मग एकच घर काढून बघा, हिरवळ राहते की जाते. ते घर परत ठेवा आणि दुसऱ्या बाजूचं काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि काहीतरी सुंदर झालं तर ते कशामुळे झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि ते सुंदर आहे म्हणून तुम्ही शोधणारही नाही. नियमाचा अंदाज आला की तो मोडायचा प्रयत्न करा: तुमचा नियम खरा असेल तर जे व्हायलाच नको ते बांधायला घ्या. संशोधनाच्या पद्धतीवरच्या पहिल्या दोन-तीन तासिकांत जे सांगतात ते इथे अर्ध्या तासात हाताला लागतं. उजव्या बटणाचा वापर डाव्याइतका व्हायला हवा.

पीएचडीला आल्यावर पहिल्या वर्षात ध्येयाशिवाय चाळा करायला वेळ मिळावा असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात ‘काय साध्य केलं’ असा रकाना असतो, ‘काय उगाच करून बघितलं’ असा नसतो. माझ्या कामातल्या दोन बऱ्या कल्पना उगाच करून बघितलेल्या रनमधूनच आल्या. पण ते रन चालवताना समोर काहीतरी असं होतं जे मला ‘नाही’ म्हणू शकत होतं.

सध्या सगळं काम त्रिकोणी जाळीवर पुन्हा चालू आहे, शून्य टक्क्यांपासून. आलेख पहिल्याइतके देखणे नाहीत. ठिपके वाढ अडवतात हे खरंच आहे, पण मी समजत होते तितकी नाही, आणि कमी प्रमाणाच्या टोकाला तर माझा आधीचा निष्कर्ष जवळजवळ पुसलाच गेला. मॅडम म्हणाल्या, आता लिही.

तुमच्यासाठी एक काम देऊन थांबते. टाउनस्केपरमध्ये सात-आठ घरांचा एक आकार कागदावर काढा, रंगांसकट. तोच आकार त्याच जागी दोनदा बांधा. एकदा डावीकडून उजवीकडे, आणि सगळं पुसून दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने. दोन्ही वेळा स्क्रीनशॉट घ्या आणि शेजारी ठेवा. दारं, खिडक्या, पायऱ्या जुळतात का? उत्तर काय येईल ते आधी वहीत लिहा, आणि मग मला कळवा, दोन्ही.